मिठाचा करार

बातीच्या मिठागरात माझा बाप इनास
पायांनी जमीन मळायचा.
नाताळचा कागदी तारा अजून दारात,
आणि हा चिखलात, टाच दाबत, वीत वीत मागे सरकत,
जणू कुणी पाहुणा यायचाय म्हणून ओसरी चोपतोय.
मग भरतीला मानस उघडायचा.
मानस म्हणजे आमच्याकडे बांधातलं लाकडी दार.
शाळेत कळलं की मानस म्हणजे मन.
मला दोन्हींत फारसा फरक वाटला नाही.
खारं पाणी दोन्हींतून येतं.

भाटकाराशी करार होता. कागदावर. खाली बापाचा अंगठा.
बांध फुटला तर दुरुस्ती भाटकाराची,
असं कागद म्हणायचा. बापाला तो तोंडपाठ होता,
वाचता येत नव्हता.
ज्या साली बांध फुटला, आम्ही पत्र्याची पेटी उघडली.
वाळवीने नेमकी तीच ओळ खाल्लेली.
भाटकार हसला: ‘बघ इनास, देवानेच खाल्ली.’
बाप म्हणाला, ‘देव कागद खात नाही.’
आणि फावडं घेऊन एकटाच गेला.

माझा भाऊ बोस्त्यांव बोटीवर गेला.
म्हणाला, दोन नाताळ. मग दगडाचा बांध मी घालीन.
अकरा नाताळ झाले.
एकदा एक घड्याळ आलं, त्याची वेळ
कुठल्या बंदराची होती कोण जाणे.

एका रविवारी पाद्री सांगत होता:
वाळवंटातल्या त्या लोकांशी देवाने करार केला तो मिठाचा.
कारण मीठ नासत नाही.
मी बाकावर हसले. मागच्या रांगेतली आंजेलिन चिमटा काढेपर्यंत हसले.
आमचं मीठ तर दर जूनला विरतं.
झावळ्यांखाली झाकलेल्या राशीसुद्धा
तळातून गळतात, रात्रभर, आवाज न करता.

घरी येताना बापाला म्हटलं.
तो बांधावर थांबला, वाकला,
ओढ्यात बोट बुडवून माझ्या ओठाला लावलं.
‘विरतं,’ म्हणाला. ‘जातं कुठे?’

तेव्हा हे पुरेसं वाटलं नव्हतं.
आजही सगळे दिवस वाटत नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं, हे आम्हाला
भाटकारानेच शिकवलं. त्याचं मीठ म्हणे आम्ही खाल्लं.
ते काढलं कुणी, हे म्हणीत नाही.

पण बाप गेला त्या रात्री, शवपेटीपाशी जागताना,
मला ती दुसरी जागरण आठवली:
मेलेला तो परत येतो, आपलीच भेदरलेली माणसं बघतो,
आणि काय मागतो? खायला.
त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात. तो खातो.
सगळ्यांदेखत.

त्या माशाला मीठ कुणी लावलं होतं?
ते कुठल्या वाफ्यातलं?
कुणीतरी इनास असेल, टाचा फुटलेला,
कागदावर नुसता अंगठा.
म्हणजे मीठ आमचं आणि खाणारा तो.
जागायचं ते त्याने.

एवढंच मला समजलं. मेणबत्ती वितळत होती,
बापाच्या टाचांच्या भेगांत
धुऊनही पांढरं राहिलं होतं.

आता बांध तीन ठिकाणी फुटलाय.
वाफ्यांत खारफुटी उगवलीय, बगळे मालकासारखे उभे.
भाटकाराच्या नातवाने फळा लावलाय, प्लॉट विकणे आहेत,
आणि प्रत्येक भरतीला पाणी
त्या फळ्याच्या पायाशी येऊन जातं.
मानसाचं दार कुजलंय. तरी येतं.

आई, पिएदाद, रात्री तेर्स आटोपल्यावर
एक ताट जास्त मांडते.
आधी कोपऱ्यात मीठ. भात मागाहून.
मी एकदा विचारलं, बोस्त्यांवसाठी?
ती म्हणाली, ‘दोघांतला जो आधी येईल त्याला.’
आणि चिमूटभर मीठ
पुन्हा नीट सारखं केलं.